चार मग, चार फुलं : घरच्या ओव्हनवरच्या रंगकामाच्या नोंदी

काम असं: चार पांढरे सिरॅमिक मग, प्रत्येकावर एक फूल. ताम्हण, जास्वंद, प्राजक्त आणि बहावा. रंग पाण्यात मिसळणारे आणि घरच्या ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसला पक्के होणारे. जागा पुणे, नोव्हेंबरची कोरडी हवा, ओव्हन साधा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार : मग

सरळ उभ्या भिंतीचे, साध्या कानाचे, चकचकीत ग्लेझचे (मातीवरच्या काचेसारख्या थराचे) मग घेतले. बुडाशी निमुळते होणारे मग दिसायला छान असतात, पण त्यांच्यावर कागदाची सरळ पट्टी नीट बसत नाही, नक्षी एका बाजूला चढत जाते. मॅट ग्लेझवर रंग पकड चांगली घेतो. मात्र चुकलेला फटकारा पुसला तरी डाग मागे राहतो. नवशिक्याने चकचकीतच घ्यावा.

दुकानात दोन गोष्टी बघायच्या. एक, ग्लेझवर केसासारख्या बारीक भेगा नकोत. उजेडात तिरका धरला की दिसतात. ओव्हनमध्ये त्या वाढतात आणि पुढे चहाचा रंग धरून बसतात. दोन, फोटो छापण्यासाठी बनवलेला मग नको. त्या मगांवर छपाईची शाई धरण्यासाठी पॉलिमरचा थर दिलेला असतो. आपला रंग ग्लेझवर न बसता त्या थरावर बसतो आणि त्याच्या पकडीवर आपला काहीच ताबा राहत नाही. भारतीय बनावटीचे बरेच सिरॅमिक मग उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून येतात. त्यातला साधा, बिनछापील, एकाच घाण्यातला संच मिळाला तर उत्तम. घाणा एकच असला की पांढऱ्याची छटा चारही मगांची सारखी असते.

मापं: बाहेरचा व्यास ८२ मिमी, उंची ९५ मिमी, म्हणजे घेर साधारण २५७ मिमी. यातून वजाबाकी सुरू होते. वरून २५ मिमी सोडायचे, तिथे ओठ लागतात. बुडाशी ८ मिमी सोडायचे, तिथे ओटा आणि सिंक घासतं. कानाच्या दोन्ही बाजूंना २०-२० मिमी सोडायचे, कारण कानात बोटं घातली की त्यांची पेरं मगाला तिथेच टेकतात. त्या जागेचा रंग सगळ्यात आधी जातो. हाताशी उरलं ते सुमारे २१५ मिमी रुंद आणि ६२ मिमी उंच. नक्षी यातच बसवायची आहे, हे चित्र काढण्याआधी ठरलं म्हणजे पुढे काटछाट करावी लागत नाही.

आणखी एक बारकावा. उजव्या हाताने पिणाऱ्याला स्वतःला दिसते ती मगाची एक बाजू, समोर बसलेल्याला दिसते ती दुसरी. भेट द्यायचा मग असेल तर मुख्य फूल पिणाऱ्याच्या बाजूला काढावं.

९ नोव्हेंबर, रविवार : रंग

सिरॅमिकवर फुलं रंगवण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांची सरमिसळ होते म्हणूनच निम्मी निराशा पदरी पडते. पहिल्या पद्धतीत ग्लेझवर खनिज रंग लावून मग भट्टीत साधारण ७५० ते ८५० अंशांना पुन्हा भाजतात. रंग वितळून ग्लेझशी एकजीव होतो, खूप काळ टिकतो. दुसरी आपली: पाण्यात मिसळणारा, रेझिन (रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) असलेला रंग ओव्हनमध्ये दीडशे-एकशेसाठ अंशांना कडक होतो. हा रंग ग्लेझच्या पोटात शिरत नाही, पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसतो. त्यामुळे पृष्ठभाग किती स्वच्छ होता आणि थर किती सारखा होता यावरच त्याचं आयुष्य ठरतं.

इथे पेबिओ पोर्सेलेन १५० हे रंग घेतले, ४५ मिलीच्या बाटल्या. सूचना अशी की २४ तास वाळू द्यायचा, मग १५० अंशांना ३५ मिनिटं. त्याच कंपनीचा काचेसाठीचा व्हिट्रिया १६० हा रंग १६० अंशांना ४० मिनिटं मागतो. दोन्ही एकाच कामात वापरू नयेत. एकाला पुरेल तेवढी उष्णता दुसऱ्याला कमी पडते किंवा जास्त होते. रंग कुठलाही घ्या, बाटलीवरचा आकडाच खरा, ऐकीव आकडा नाही.

साधे अॅक्रिलिक रंग या कामाचे नाहीत. ग्लेझवर ते सुंदर बसतात, वाळतात, आणि पाण्यात पडले की साल निघावी तसे निघतात. वरून वार्निश मारलं तरी पाणी कडेने आत शिरतंच. काचेवरचे न भाजायचे रंग कुंडीला, मेणबत्तीच्या पेल्याला ठीक. रोज घासल्या जाणाऱ्या मगाला नाहीत.

बाटलीवर ‘विषारी नाही’ असं लिहिलेलं असणं आणि रंग खाण्यापिण्याला लागलेला चालणं या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून मगाच्या आत रंग नाही, काठावर नाही, काठापासून खाली दोन सेंटिमीटरपर्यंत नाही. शिसं आणि कॅडमियमच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांतही पेल्याचा ओठाचा भाग काठापासून २० मिमीच धरतात. वरचे पाच मिमी हात थरथरला तर म्हणून. सोनेरी, चंदेरी रंग घेतले नाहीत. त्यांत धातूची पूड असली तर मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात, आणि मग मायक्रोवेव्हमध्ये जाणार नाही याची खात्री कोण देणार.

ब्रश सगळे सिंथेटिक: गोल २ आणि ४ नंबर, चपटा ६ नंबर, लांब केसांचा लायनर ०. नैसर्गिक केसांचे ब्रश या रंगाने लवकर ताठरतात. पॅलेट म्हणून जुनी स्टीलची ताटली.

११ नोव्हेंबर, मंगळवार : टाइलवर चाचणी

थेट मगावर हात घालायच्या आधी भिंतीच्या पांढऱ्या टाइलवर चौकोन आखून मुद्दाम बरं-वाईट सगळं करून पाहिलं. ग्लेझ तेच, उरलेली टाइल बहुधा घरात असतेच.

पहिल्या चौकोनावर अंगठा दाबून मग रंग लावला. रंग ठशावरून मागे सरकला, मध्ये थेंब-थेंब झाले. बोटाच्या तेलाचा एवढा पातळ थरसुद्धा पुरतो. शेजारचा चौकोन भांड्यांच्या साबणाने धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. तिथे रंग एकसंध बसला. हे अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळतं. त्याऐवजी सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. काही सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल असतं, नेलपेंट रिमूव्हरमध्येही तेलकट पदार्थ असतात. म्हणजे पुसायला जावं आणि वर तेलच चोपडून यावं.

तिसऱ्यावर रंगात निम्मं पाणी घातलं. दिसायला जलरंगासारखा पारदर्शक, मोहात पाडणारा. पाण्याने रेझिन विरळ होतं, कण सुटे पडतात. भाजल्यावर हाच रंग सगळ्यात आधी निघतो. पारदर्शकपणा हवाच असेल तर रंगासोबत मिळणारं मीडियम (त्याच रंगाचं बिनरंगी द्रावण) घालावं. पाणी फक्त ब्रश ओला करण्यापुरतं. रंगाची दाटी ताकापेक्षा जास्त, दह्यापेक्षा कमी हवी.

चौथ्यावर दोन मिमी जाड ठिपका. पाचव्यावर पहिला थर दिल्यावर लगेच दुसरा: ब्रशने खालचा रंग उचलून नेला, मध्ये पांढरं उघडं पडलं. कागद पाणी शोषतो, कापड शोषतं. ग्लेझ काहीच शोषत नाही. खालचा थर वरून सुकल्यासारखा वाटतो, पण तळाशी ओलाच असतो आणि नव्या ब्रशचं पाणी लागलं की सैल होतो. सहाव्यावर अर्ध्या तासाने दुसरा थर दिला, काही बिघडलं नाही. ग्लेझवरच्या रंगकामात हात राखायचा तो इथे: फटकारा एकदा मारला की पुन्हा तिथे जायचं नाही. वाकडा आला तरी नाही. वाळू द्यावा, नाहीतर पूर्ण पुसून नव्याने मारावा. मधलं काही चालत नाही.

सातव्यात फक्त पांढरा, उष्णतेने पिवळा पडतो का ते बघायला. आठव्यात तुलनेसाठी साधं अॅक्रिलिक.

१३ नोव्हेंबर, गुरुवार : ओव्हन मोजला, टाइल भाजली

ओटीजीच्या खुंटीवरचा आकडा विश्वासाचा नसतो. आत ठेवायचा ओव्हनचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो नसेल तर या कामात पडूच नये असं आमचं स्पष्ट मत. खुंटी १५० वर ठेवल्यावर काटा १४० ते १७० मध्ये हेलकावे खात होता. थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करत राहतो, त्यामुळे एवढा चढउतार छोट्या ओव्हनमध्ये नेहमीचाच. खुंटी १४० च्या जरा अलीकडे आणल्यावर काटा १५० च्या आसपास राहिला. ती जागा मार्करने खूण करून ठेवली.

भाजलेल्या टाइलचा निकाल: अंगठ्याचा चौकोन ओल्या कापसानेच सुटला. पाणी घातलेला घासणीच्या काही हातांतच फिका झाला. जाड ठिपक्याला फोड आले. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघतं, वरची साय तोवर कडक झालेली असते. अॅक्रिलिक तासभर पाण्यात ठेवल्यावर नखाने अख्खं उचललं गेलं. बाकीचे नखाला दाद देत नाहीत. पांढऱ्या चौकोनाची वरच्या कॉइलकडची कड किंचित मळकट पिवळी झाली. म्हणून मग सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवायचे आणि काठ ते कॉइल किमान ५ सेंमी अंतर ठेवायचं.

मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन (गरम हवेचा) मोड चालतो, साधा मायक्रोवेव्ह मोड अजिबात नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार : धुणं आणि ठसा

चारही मग साबणाने धुऊन रात्रभर पालथे ठेवले होते. बुडाच्या खालच्या कड्याला ग्लेझ नसतं, तिथून माती पाणी पिते. ती ओल ओव्हनमध्ये वाफ होते. सकाळी अल्कोहोलने पुसले. इथून पुढे मग फक्त कानाला धरायचा किंवा आत हात घालून.

चित्र ट्रेसिंग पेपरवर ६२ बाय २१५ मिमीच्या पट्टीत काढलं. मागच्या बाजूला ६बी पेन्सिल दाट घासली, पट्टी मगाभोवती गुंडाळून दोन टोकांना मास्किंग टेप, आणि वरून कडक पेन्सिलने हलकी रेघ. टाइपिंगचा निळा कार्बन नको: तो मेणकट असतो, रंग त्याच्यावरून सरकतो आणि पांढऱ्या-पिवळ्यात निळी झाक शिरते. ग्लेझवर लिहायची मेणाची पेन्सिलही त्याच कारणाने नको.

पेन्सिलीचा शिसा (ग्रॅफाइट) १५० अंशांना जळत नाही. भट्टीत जळून जातो म्हणून तिथे निर्धास्त आखता येतं, आपल्याकडे रंगाखाली आलेली रेघ कायमची राहते. म्हणून सगळं चित्र उतरवायचं नाही. फुलाचा मध्य, पाकळ्यांची टोकं, देठाची दिशा एवढ्याच खुणा. बाहेर राहिलेल्या रेघा रंग वाळल्यावर ओल्या इअर बडने जातात.

१६ नोव्हेंबर, रविवार : ताम्हण

महाराष्ट्राचं राज्यफूल, आणि ग्लेझवर रंगवायला चौघांत सगळ्यात खट्याळ. सहा पाकळ्या, कडा चुरगळलेल्या, मुळाशी पाकळी एकदम बारीक देठावर येते. चुरगळ न आल्यास ते कुठलंही जांभळं फूल वाटतं.

रंग: पांढरा ३ भाग, मॅजेंटा २ भाग, निळा अर्धा भाग. चपटा ६ नंबरचा ब्रश. एका कोपऱ्याला हा जांभळा, दुसऱ्याला पांढरा घेऊन ताटलीवर एकाच जागी मागेपुढे केला की मध्ये छटा मिसळते. पांढरा कोपरा पाकळीच्या बाहेरच्या कडेला ठेवून ब्रश दाबायचा, बारीक हेलकावे देत कड पूर्ण करायची आणि मग दाब सोडत कोपऱ्यावर उचलत मध्याकडे ओढून घ्यायचा. हेलकावा मनगटातून नको, त्याऐवजी मगाला थोडं फिरवायचं. मग गुंडाळलेल्या टॉवेलच्या खोबणीत आडवा ठेवला तर डावा हात आत घालून तो फिरवता येतो. उभ्या मगावर ओघळ येतात.

फूल ३८ मिमी व्यासाचं. पाकळ्या ओळीने रंगवल्या नाहीत. आधी पहिली, तिसरी, पाचवी; अर्ध्या तासाने दुसरी, चौथी, सहावी. शेजारच्या दोन ओल्या पाकळ्या टेकल्या की कडा एकमेकींत वाहतात आणि चुरगळ बुजते.

पानं मोठी, लांबट. हिरव्यात चिमूटभर तपकिरी घातला, कारण बाटलीतला हिरवा प्लास्टिकच्या पानासारखा दिसतो. गोल ४ नंबरने पानाचा एक अर्धा एका दाबात, मग दुसरा अर्धा, मध्ये केसाएवढी जागा कोरी. ती पांढरी रेघच मधली शीर; वेगळी काढायला लागत नाही. मध्यभागी पिवळे पुंकेसर टूथपिकच्या टोकाने, प्रत्येक ठिपका एक मिमीच्या आत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार : जास्वंद

लाल रंग बाटलीत गडद, ग्लेझवर मात्र विरळ: पहिल्या थरात ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात. दोन पातळ थर, मध्ये अर्धा तास, दोन्ही मध्याकडून बाहेर. दुसरा थर ओला असतानाच टूथपिकचं बोथट टोक ओढून शिरा काढल्या. खालचा फिका थर उघडा पडतो आणि पाकळीला वळण येतं. उशीर झाला तर रंग रेघेऐवजी चिंध्यांनी निघतो, तेव्हा एक पाकळी रंगवावी, तिच्या शिरा काढाव्यात, मग दुसरी.

अडचण मधल्या दांड्याची. लाल पाकळ्यांवर लाल दांडा दिसत नाही. पाकळ्या रंगवतानाच दोन मिमीची पट्टी कोरी ठेवली आणि शेवटी तिच्यात फिका गुलाबी भरला. टोकाजवळ पिवळे ठिपके, अगदी शेवटी पाच लाल. दांडा सरळ वर काढला तर ओठाच्या पट्ट्यात घुसतो. तिरका खाली झुकवला, फांदीवरच्या फुलाचाही बहुतेकदा तसाच असतो. पानांना दातेरी कडा लायनरने, ब्रश उभा धरून.

२० नोव्हेंबर, गुरुवार : प्राजक्त

पांढऱ्या मगावर पांढरं फूल. करड्या रेघेने बाह्यरेषा काढली की काम होतं, पण प्राजक्ताचा प्राजक्तपणा जातो, लग्नपत्रिकेवरचं फूल होतं. पार्श्वभूमी आधी रंगवून वर पांढरा लावायचा तर पांढऱ्याचे तीन थर लागतात, खालचा रंग झिरपून दिसतो आणि फुलं उंचवटे होऊन बसतात. उंचवटा घासणीला पहिला सापडतो.

तिसरी वाट घेतली: फुलं कोरीच ठेवायची, भोवतीची जागा रंगवायची. मगाचं स्वतःचं ग्लेझ हाच पांढरा, त्याच्याएवढा टिकाऊ पांढरा बाटलीत मिळत नाही. साध्या स्टिकर पेपरवर फुलं काढून नखाच्या कात्रीने कापली. पाकळ्या पाच ते आठ, भिंगरीसारख्या एका दिशेने वळलेल्या, टोकाला खाच. सगळ्या फुलांच्या पाकळ्यांची संख्या मुद्दाम वेगळी ठेवली. चिकटवल्यावर कडा नखाने पक्क्या दाबल्या. रंगवायच्या पट्ट्याच्या वर-खाली मास्किंग टेप.

गडद निळा आणि हिरवा मिसळून, मेकअपच्या बारीक छिद्रांच्या स्पंजने थोपटून थोपटून रंग दिला. स्पंज आधी ताटलीवर टिपून घ्यायचा, नाहीतर कडेखाली रंग शिरतो. थोपटल्यावर बारीक बुडबुडे दिसतात. एखाद्या मिनिटात कोरड्या स्पंजने पुन्हा हलकंच टिपलं की बसतात. दोन थर, मध्ये अर्धा तास.

स्टिकर काढायची वेळ महत्त्वाची. रंग हाताला लागेनासा झाला की साधारण पंधरा मिनिटांत, चिमट्याने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढून. पूर्ण वाळल्यावर काढला तर कडेचा रंग सोबत फाटून येतो. भाजल्यावर काढायचा विचारही नको, गोंद करपून बसतो. कडेखाली शिरलेला रंग टोकदार टूथपिकने खरवडला. चिकटपणा उरला होता तो अल्कोहोलच्या ओलसर इअर बडने, पार्श्वभूमीला न शिवता.

मग केशरी मध्य. लायनरने एक छोटं वर्तुळ, त्यातून पाकळीकडे किंचित ओढलेली टोकं. दोन फुलं उलटी पडलेली दाखवली, केशरी देठ वर करून. अंगणात पडलेला सडा तसाच असतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार : बहावा

लोंबता घोस उभ्या मगाला आयता बसतो. घोसात फुलं वर उमलतात, कळ्या खाली टोकाला. उलटं काढलेलं बरेचदा दिसतं. पाच पाकळ्या, गोल २ नंबरच्या ब्रशने प्रत्येकी एक दाब. पांढऱ्यावर पिवळा दुरून विरतो, म्हणून प्रत्येक पाकळीच्या मुळाशी पिवळ्यात कणभर तपकिरी घालून एक छोटा फटकारा, आणि घोसामागे एखादं गडद पान. कळ्या ब्रशच्या मागच्या टोकाने, खाली जाताना टाचणीच्या डोक्याने. एकदा बुडवलं की दोन-तीन ठिपके आपोआप लहान होत जातात, त्याचाच उपयोग केला.

२४ नोव्हेंबर, सोमवार : भाजणं

शेवटच्या मगाला चोवीस तासांहून जास्त झाले. पावसाळ्यात, कोकणात किंवा गोव्यात हाच वेळ दुप्पट धरावा. हाताला कोरडं लागतं त्याला भुलू नये. भाजण्याआधी भिंगातून पाहून पेन्सिलीच्या रेघा आणि कुठे उडालेले शिंतोडे काढले. ही शेवटची संधी, यानंतर ब्लेडच.

मग थंड ओव्हनमध्ये ठेवले, एका वेळी दोन, एकमेकांना न टेकता, कान कॉइलपासून लांब. मध्ये थर्मामीटर. गरम ओव्हनमध्ये थंड मग ठेवला तर ग्लेझ आणि माती वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि भेगा पडतात. काटा १५० ला पोचला तिथून ३५ मिनिटं मोजली. आधीचा तापण्याचा वेळ यात धरायचा नाही. भाजूनही रंग धुऊन गेल्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे असतं. हलका वास येतो, खिडकी उघडी, आणि त्याच वेळी ओव्हनमध्ये खायचं काही नाही.

वेळ संपल्यावर बटण बंद, दार बंदच. गरम असताना लाल आणि पिवळा दोन्ही गडद, करपल्यासारखे दिसतात. निवल्यावर मूळ छटेवर येतात. त्या वेळी रंग मऊही असतो, बोट लावू नये. मग पूर्ण गार झाल्यावरच बाहेर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार : तपासणी

नखाने खरवडून पाहिलं, ओला कापूस घासला, कापूस पांढराच. ताम्हणाच्या पांढऱ्या कडा स्वच्छ राहिल्या. बहाव्याच्या सगळ्यात मोठ्या दोन कळ्यांना सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलंय, थर जाड होता तिथेच. दुरुस्ती: ब्लेड तिरकं धरून कळी खरवडली, अल्कोहोलने जागा पुसली, पातळ ठिपका, चोवीस तास, पुन्हा तेच भाजणं. दुसऱ्यांदा भाजल्याने पक्क्या रंगाचं नुकसान होत नाही, फक्त पांढरा आणि फिका गुलाबी प्रत्येक फेरीला किंचित उबदार होत जातात. म्हणून प्राजक्ताच्या मगाला कधीही पुन्हा भाजता येईल, ताम्हणाच्या मगाला जरा विचार करून.

२१ डिसेंबर, रविवार : वापर

रोजचा चहा, हाताने धुणं, मऊ बाजूचा स्पंज. चारही मग शाबूत. तारेची घासणी आणि राखेसारखी कोरडी पावडर टाळली. निर्माता डिशवॉशर चालतो म्हणतो. तरी हाताने रंगवलेल्या मगाला तिथल्या कडक क्षारांत रोज बुडवण्याचं कारण नाही. रात्रभर पाण्यात भिजत ठेवणंही टाळावं. पाणी रंगाच्या कडेतून शिरतं, वरून नाही, त्यामुळे एक मोठा सलग पट्टा बऱ्याच बारीक सुट्या ठिपक्यांपेक्षा जास्त टिकतो. प्राजक्ताच्या मगाची पार्श्वभूमी आज सगळ्यात नवी दिसते. जास्वंदीच्या दांड्यावरचा कानाकडचा एक पिवळा ठिपका झिजून चपटा झालाय; तो वीस मिमीच्या रेषेच्या आत दोन मिमी शिरला होता.

एका मगाला सगळे रंग मिळून दोन-तीन मिली लागतात. बाटल्यांची झाकणं घट्ट लावून उभ्याच ठेवल्यात. तोंडाशी वाळलेली साय आधी पुसून घेतली, ती रंगात पडली तर लायनरच्या टोकाशी गुठळी येते. पुढचा संच बशांचा आहे. बशीत चमचा फिरतो, खाणं ठेवलं जातं, म्हणून नक्षी फक्त खालच्या बाजूला किंवा बाहेरच्या कडेच्या पाठीला. त्यासाठी ठिपकेवाली फुलं बाद, स्पंज आणि स्टिकरच.